हवेच्या सेन्सरचा कोड आला? नवा सेन्सर घेण्याआधी वायर तपासा

गाडीत ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०११२ किंवा पी०११३ कोड येतो आणि लगेच सेन्सर बदलायचं ठरतं. नवा सेन्सर बसतो, पैसे जातात अन् दिवा पुन्हा लागतो. कारण हे कोड सेन्सरइतकेच त्याच्या वायरिंगबद्दलही असतात. पी०११३ म्हणजे बहुधा वायर तुटलेली किंवा कपलरची पिन ढिली, पी०११२ म्हणजे कुठंतरी शॉर्ट.

हा सेन्सर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान सांगतो. थंड हवा दाट असते, तिला इंधन जास्त लागतं. हा हिशेब गाडीचा ईसीएम करतो. चुकीचं तापमान पोहोचलं की ॲव्हरेज पडतं, कधी काळा धूर येतो.

पहिली तपासणी काहीही न खोलता होते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट न करता चावी ऑन करून स्कॅनर बघावा. हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखं, बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं. ऐन मे महिन्यात उणे ४० दिसलं, तर लाईन तुटली असं समजावं.

दोन वायरचा सेन्सर असेल तर चावी बंद करून कपलर काढावा. पुन्हा चावी ऑन केल्यावर मल्टिमीटरने एक वायर ते बॅटरीचा मायनस असं मोजलं की साधारण ५ व्होल्ट मिळतात. मग कपलरच्या दोन्ही पिनांमध्ये मोजावं. पहिल्या वेळी ५ आले आणि आता आले नाहीत, तर अर्थची वायर तुटलेली आहे. दोन्हीकडे ५ आले तर वायरिंग बहुतेक ठीक. मीटर लावलेला असतानाच वायर हलवून बघावी. आकडा उड्या मारू लागला की दोष तिथंच.

आता सेन्सर. सुट्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ३०० ते ४०० ओहमच्या आसपास असतो. गाडीनुसार आकडे थोडे बदलतात. हेअर ड्रायरची गरम हवा दिल्यावर आकडा सलग खाली यायला हवा. अडकला किंवा मध्येच गायब झाला तर सेन्सर खराब.

अनेक गाड्यांत हा सेन्सर एअर फ्लो किंवा प्रेशर सेन्सरच्या आतच असतो, वायर ४-५ असतात. तिथं सर्किट डायग्रामशिवाय पिना एकमेकींना जोडू नयेत, ईसीएमची ५ व्होल्टची लाईन शॉर्ट होऊ शकते.

गोठ्याशेजारी, कडब्याजवळ उभ्या गाडीची वायर उंदरानं कुरतडलेली असते, तर प्रेशर वॉशरनं धुतलेल्या गाडीच्या कपलरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नये, सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवावी. नंतर कोड पुसून गाडी एकदा चालवून बघावी.