कीचकापासून पबजीपर्यंत

सप्टेंबर २०२१ मध्ये बंगळूरच्या विधानसौधात कर्नाटक पोलीस कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक संमत झाले आणि ५ ऑक्टोबरपासून ते अमलात आले. आंतरजालावर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांपायी घरे कर्जात बुडतात, तरुण जिवावर उदार होतात आणि गुन्ह्यांना खतपाणी मिळते, अशी तक्रार त्यापूर्वी बराच काळ ऐकू येत होती. नव्या तरतुदींनी बुद्धीचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा जुना भेद पुसून टाकला. तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड, शिवाय गुन्हा अजामीनपात्र, अशी कडक व्यवस्था झाली. घोड्यांच्या शर्यतींवरील पैज मात्र कायद्याच्या व्याख्येतून वगळण्यात आली होती. बंगळूर शहराच्या मध्यभागी भरणाऱ्या त्या शर्यतींत बुडालेल्या घरांची गणती कोणी केली होती की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू.

वास्तविक अशा तक्रारीत दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. खेळात पैसा जातो, ही एक. तिचा हिशेब मांडता येतो. खेळातील मारामारी पाहून माणूस मारेकरी होतो, ही दुसरी. हा हिशेब नव्हे, अनुमान आहे; आणि या अनुमानाचा इतिहास दूरध्वनीच्या पडद्याहून पुष्कळ जुना आहे. महाराष्ट्रात तर त्याचा एक धागा थेट रंगभूमीपर्यंत जातो.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने गोळ्या झाडल्या. जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी होते आणि बदली होऊन नाशिक सोडण्याच्या बेतात होते. बाबाराव सावरकरांना झालेली काळ्या पाण्याची शिक्षा ही या हत्येमागची ठसठस होती. त्या रात्री रंगमंचावर होते देवलांचे ‘संगीत शारदा’. म्हातारा नवरा आणि बालवधू यांचे नाटक. त्यातून कोणाला पिस्तुलाची प्रेरणा मिळावी असे त्यात काहीही नव्हते. तरीही १९१० च्या आरंभीच सरकारची वक्रदृष्टी एका नाटकावर वळली, आणि ते नाटक निराळेच होते: कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’.

हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले होते. महाभारतातील कथेच्या आडून लेखकाने कोणाकडे बोट दाखविले आहे, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नसे. कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पीडित देश, भीमात जहाल आणि युधिष्ठिरात मवाळ दिसत. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातील असंतोषावर लिहिताना या नाटकाची आवर्जून दखल घेतली. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेऊन त्यावर घातलेली बंदी १९२६ पर्यंत उठली नाही. नाटकाने मने तापविली नाहीत असे म्हणणे खाडिलकरांवर अन्याय करणारे होईल. ती तापावीत हाच त्यांचा हेतू होता. पण मने तापण्याचे मूळ फाळणीत, हद्दपारीत आणि शिक्षांत होते. आपल्या कृत्याचे फळ कवीच्या पदरात टाकणे सरकारला सोयीचे वाटले, इतकेच.

रंगभूमीनंतर पाळी आली चित्रपटाची. १९२७ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारने दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तीन हिंदी व तीन युरोपीय असे तिचे सभासद होते. अमेरिकी चित्रपटांमुळे गोऱ्या लोकांचा दरारा कमी होतो, ही चिंता पार्श्वभूमीला होतीच. चित्रपट पाहून पोरे बिघडतात व चोऱ्या शिकतात, असेही अनेकांचे म्हणणे होते. समितीने ४,३२५ प्रश्नपत्रिका पाठविल्या. लेखी उत्तरे आली अवघी ३२०. पण तिने गावोगाव हिंडून ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या. दादासाहेब फाळके यांचीही साक्ष त्यांत होती. १९२८ च्या अहवालात समितीने सांगितले, की बहुसंख्य चित्रपटांत समाजाला अधोगतीस नेणारे काही नाही आणि आरोप बहुधा मोघम आहेत. परकीय राजवटीत नेमलेल्या समितीने तक्रारकर्त्यांकडे पुरावा मागावा आणि तो न मिळाल्याचे लिहून ठेवावे, ही गोष्ट आजही लक्षात घेण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर तक्रार थांबली नाही. १९५४ साली दिल्लीच्या सुमारे तेरा हजार गृहिणींनी चित्रपटांपासून मुलांना वाचवा, असा अर्ज पंतप्रधान नेहरूंकडे केला. त्याच वर्षी राज्यसभेत लीलावती मुनशी यांनी अनिष्ट चित्रपटांविरुद्ध ठराव मांडला. योगायोग असा, की त्याच १९५४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटची एक उपसमिती बालगुन्हेगारीचे खापर चित्रकथांच्या पुस्तकांवर फोडता येते काय, याची चौकशी करीत होती.

पुढे दूरचित्रवाणी आली, मग संगणक, मग खिशातला दूरध्वनी. २०१९ साली गोव्याच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी पबजी या खेळाला घराघरात शिरलेल्या राक्षसाची उपमा दिली; राजकोटमध्ये तर तो खेळणाऱ्या मुलांना पोलिसांनी अटक केली. पुढच्या वर्षी, २ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. मात्र तिचे कारण देशाची सुरक्षितता व सार्वभौमत्व हे होते; खेळातील बंदुकांशी त्या बंदीचा संबंध नव्हता. विद्वानांचे काय म्हणणे आहे, असे विचारले तर अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये दिलेला निर्वाळा पाहावा. हिंसक खेळ आणि आरडाओरडा, ढकलाढकली यांसारखे वर्तन यांत थोडासा संबंध आढळतो. पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे कारण हे खेळच, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही.

बंगळूरच्या कायद्याचे आयुष्यही अल्पच ठरले. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी मुख्य न्यायाधीश ऋतु राज अवस्थी व न्यायमूर्ती कृष्ण दीक्षित यांच्या खंडपीठाने त्यातील मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. बुद्धीच्या खेळांना जुगाराच्या पंक्तीला बसविणे खंडपीठाला मान्य झाले नाही. कर्जापायी ज्या घरांतील माणसे गेली त्यांना या निकालाने काय दिलासा मिळाला असेल, हे सांगणे कठीण आहे. त्यांचे दुःख खोटे नव्हते. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या आंतरजालावरील खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. त्याला पहिले आव्हान त्याच महिन्यात दिले गेले, ते बंगळूरच्याच उच्च न्यायालयात.