बुकावूतली सहा महिन्यांची शाळा

डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी पूर्व काँगोतल्या बुकावू शहरात 1999 साली पांझी रुग्णालय उघडलं, ते बायकांची बाळंतपणं सुखरूप व्हावीत म्हणून. त्याआधी ते लेमेराच्या रुग्णालयात होते. ऑक्टोबर 1996 मध्ये तिथं सशस्त्र लोक घुसले आणि त्यांनी खाटांवरचे रुग्ण व कर्मचारी मारून टाकले. नव्या रुग्णालयात पहिली आली ती मात्र बाळंतीण नव्हती. तिच्यावर बलात्कार करून वर गोळी झाडली होती. मग तशाच येत राहिल्या, हजारोंनी. या मुलखात सोनं, कथिल, कोल्टान अशी खनिजं सापडतात. ती ताब्यात घ्यायला गावं उठवायची, धाकात ठेवायची, तर बायकांवर घरच्यांदेखत अत्याचार करायचे, ही सशस्त्र टोळ्यांची रीतच झाली.

मुक्वेगे फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेत जगभर नावाजले गेले. मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडलं की लघवी सतत गळत राहते. वास येतो म्हणून नवरा घराबाहेर काढतो, शेजारी कुणी बसत नाही. भोक शिवता येतं. पण शिवल्यावर बाईनं जायचं कुठं? बऱ्या होऊन गेलेल्या बायका पुन्हा अत्याचार सोसून परत येत, पुढं तर त्यांच्या मुली येऊ लागल्या.

2007 मध्ये अमेरिकन नाटककार ईव्ह एन्स्लर पांझीला आल्या (आता त्या 'व्ही' एवढंच नाव लावतात). वंदना खरे यांच्या 'योनीच्या मनीच्या गुजगोष्टी' या रूपांतरामुळे एन्स्लर यांचं नाटक मराठी प्रेक्षकांनाही ठाऊक आहे. त्या नाटकाच्या प्रयोगांतून जगभर पैसा उभा करणारी 'व्ही-डे' ही त्यांची चळवळ. काय हवंय, असं त्यांनी पांझीतल्या बायकांना विचारलं. डोक्यावर छप्पर हवं, निर्धास्त राहता येईल अशी जागा हवी, असं उत्तर आलं. स्थानिक कार्यकर्त्या क्रिस्टीन शुलर देश्रायव्हर यांनी काम अंगावर घेतलं आणि फेब्रुवारी 2011 मध्ये 'सिटी ऑफ जॉय' ही निवासी शाळा उघडली.

एका तुकडीत 90 जणी, साधारण 18 ते 30 वयाच्या, मुक्काम सहा महिने. अंगावर बेतलेलं गटात बसून सांगायचं. ज्यांनी ते कधी उच्चारलेलं नसतं, त्यांना पहिले काही दिवस नुसतं बसणंही जड जातं. नाचही असतो, आणि माझ्या मते तो करमणुकीच्या तासात मोडत नाही, कारण ज्या शरीराची किळस वाटायला लागलेली असते ते पुन्हा आपलं मानायचं असतं. त्याच वर्गात स्त्रीच्या अवयवांची नावं मोठ्यानं घ्यायला शिकवतात. स्वसंरक्षण आहे, शेती आहे, कायदा आहे. शहराबाहेर संस्थेची शेतीही आहे. मॅडलिन गॅव्हिन यांच्या माहितीपटात पहिल्या तुकडीतल्या बायका दिसतात. तो जरूर पाहावा.

सहा महिन्यांनी प्रत्येकीनं परत जायचं, आणि शिकलेलं इतर बायकांना शिकवायचं. म्हणून निवडतानाच पुढारपण करू शकेल अशी बाई पाहतात. हे मला आधी खटकलं. जी मोडून पडलीय, तिचं काय? पण आश्रयाला आलेल्या सगळ्यांना कायम ठेवून घेणारी संस्था काही वर्षांत भरून जाते आणि दार लावून घेते. वर्षाला जेमतेम दोन तुकड्या बसतात, तेव्हा हा हिशेब कठोर असला तरी मला पटतो.

बायकांनी पुढं होणं म्हणजे काय, ते या भागानं 2012 नंतर पाहिलं. त्या ऑक्टोबरात मुक्वेगेंच्या घरी बंदूकधारी दबा धरून बसले होते. त्यांचा रखवालदार मारला गेला, ते स्वतः थोडक्यात वाचले आणि कुटुंबासह देश सोडून गेले. किवू सरोवरातल्या इज्वी बेटावरच्या बायकांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं, संयुक्त राष्ट्रांना लिहिलं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी अननस आणि कांदे विकून डॉक्टरांच्या परतीच्या तिकिटासाठी पैसे जमवायला घेतले. ज्यांची रोजची कमाई मीठ-मिरचीला पुरत नाही अशा या बायका! जानेवारी 2013 मध्ये डॉक्टर परतले, तेव्हा विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या कडेनं माणसं उभी होती. तुमची राखण आम्ही पाळीपाळीनं करू, असं बायकांनी त्यांना बजावलं.

2018 मध्ये मुक्वेगे यांना यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्याबरोबर शांततेचं नोबेल मिळालं. मुलखात शांतता मात्र आली नाही; फेब्रुवारी 2025 मध्ये 'एम-23' या बंडखोरांनी बुकावूच ताब्यात घेतलं.

शाळेत कायदा शिकवतात, पण दाद कुठं मागायची? 1993 ते 2003 या काळात काँगोत झालेल्या गंभीर गुन्ह्यांच्या नोंदी असलेला संयुक्त राष्ट्रांचा अहवाल 2010 साली प्रसिद्ध झाला. त्या गुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय बसवा, अशी मागणी मुक्वेगे वर्षानुवर्षं करताहेत. ते अजून बसलेलं नाही.