बाप्तिस्मा : बालकाचा आणि प्रौढाचा – एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मात बाप्तिस्मा हा प्रवेशसंस्कार होय. जलाच्या साक्षीने पापक्षालन, ख्रिस्ताशी ऐक्य आणि मंडळीत प्रवेश असे त्याचे तीन अर्थ सांगितले जातात. तथापि हा संस्कार अजाण बालकास द्यावा की विश्वासाची कबुली देऊ शकणाऱ्या प्रौढासच द्यावा, हा वाद प्राचीन आहे. इ. स. २००च्या सुमारास तर्तुलियनने बालकांच्या बाबतीत विलंबाचा सल्ला दिला, तर इ. स. २५३च्या सुमारास सिप्रियनच्या नेतृत्वाखाली कार्थेजच्या धर्मसभेने आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये असा निर्णय दिला. जानेवारी १५२५ मध्ये झुरिच येथे कॉनराड ग्रेबेल व त्याच्या सहकाऱ्यांनी बालबाप्तिस्मा अमान्य करून प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांपैकी फेलिक्स मान्झ यास १५२७ मध्ये लिम्मत नदीत बुडवून देहदंड देण्यात आला.

न्यायालयापुढील प्रश्न

महाराष्ट्रात या वादाने निराळे रूप धारण केले. मे १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला. प्रकरण न्यायालयात गेले. परंतु १६-१७ वर्षांच्या धनजीभाईंना आपल्या इच्छेनुसार राहण्याची मुभा मिळाली. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. मात्र त्याच्या बाबतीत न्यायालयाने पित्याचा हक्क मान्य करून त्यास वडिलांच्या स्वाधीन केले.

येथे एक बाब लक्षणीय आहे. श्रीपतचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. तरीही मिशनऱ्यांच्या घरी अन्नग्रहण केल्याने तो जातिबाह्य ठरला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घेण्याचा पुरस्कार केला, तेव्हा सनातनी मंडळींनी तीव्र विरोध केला. म्हणजेच मिशनच्या दृष्टीने धर्मांतराची सीमारेषा पाण्यात होती, तर जातिसमाजाच्या दृष्टीने ती पंक्तीत होती. पुढे १८५०च्या २१व्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क सुरक्षित केला. परंतु पंक्तीचा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता.

माता आणि कन्या

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा यांचा एकाच दिवशी बाप्तिस्मा झाला. रमाबाईंचा निर्णय विचारान्ती घेतलेला होता. अडीच वर्षांच्या मनोरमेचा निर्णय मातेने घेतला. पुढे मुलीच्या धार्मिक शिक्षणाविषयी तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचे मतभेद झाले. बाप्तिस्म्यामुळे बालकावर मंडळीचा अधिकार प्रस्थापित होत असला, तरी मातेचा अधिकार त्यामुळे लोप पावत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८४३ मध्ये पित्याच्या हक्काने जो प्रश्न मिटवला गेला, तोच येथे मातेच्या हक्काच्या रूपाने पुन्हा उभा राहिला.

रमाबाईंच्या पुढील आत्मनिवेदनातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. बाप्तिस्म्याच्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म लाभला होता, प्रत्यक्ष ख्रिस्ताचा अनुभव मात्र सुमारे आठ वर्षांनी आला, असे त्यांनी नमूद केले आहे.

समारोप

प्रौढाचा बाप्तिस्मा म्हणजे परिपक्व श्रद्धेचा पुरावा आणि बालकाचा बाप्तिस्मा म्हणजे केवळ उपचार, अशी सरळ विभागणी वरील उदाहरणांपुढे टिकत नाही. प्रौढाचीही श्रद्धा संस्कारानंतर वाढत राहते. बालकाच्या बाबतीत ती वाढविण्याची जबाबदारी पालक व मंडळी स्वीकारतात. म्हणूनच काही पंथांत मोठेपणी दृढीकरणाची तरतूद आहे. श्रीपत व मनोरमा या दोन्ही बालकांविषयी निर्णय इतरांनी घेतले. एकाची इच्छा अव्हेरली गेली, दुसरीस ती व्यक्त करण्याचे वयच नव्हते. बाप्तिस्म्याच्या इतिहासाचा अभ्यास करताना धर्मशास्त्राइतकाच बालकाच्या या मौनाचाही विचार होणे आवश्यक आहे.