टेंभलीचा अंगठा

मंडळी, शहादा तालुक्यातलं टेंभली आठवतंय? २९ सप्टेंबर २०१० ला देशातली पहिली आधार कार्डं तिथे दिली गेली. यादीतली खोटी नावं गळतील, पैसा खऱ्या माणसाला मिळेल, हा त्यामागचा विचार. रोजगार हमीच्या हजेरीपटावरच्या बोगस मजुरांचे किस्से ऐकतच मी मोठा झालो, त्यामुळे मला तो पटलाही.

पण नंदुरबारची सत्तर टक्क्यांच्या आसपास वस्ती आदिवासी. त्यांच्यासाठीच्या आदिवासी विकास विभागाचं काय झालं? २००४ ते २००९ मधल्या योजनांतल्या गैरव्यवहाराची तक्रार जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०१४ मध्ये न्या. गायकवाड समिती नेमली गेली, अहवाल आला २०१७ मध्ये. म्हणजे तपासायच्या काळानंतर आठ वर्षांनी!

घेणारा कोण, एवढंच अंगठा सांगतो. डिझेल इंजिन कितीला घेतलं, पाड्यावर पोचलं का, हे त्याला कुठून कळणार? ते पाड्यावरच्या माणसांनाच ठाऊक. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने कामांचा हिशोब तपासायची तरतूद होती. मला तो मार्ग अंगठ्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात गरिबाला स्वतःची ओळख पटवावी लागत नाही, तो हिशोब विचारतो.

तुमच्या गावात असा हिशोब जाहीर वाचलेला कधी ऐकलाय का?