लाकडाची बचत आणि धुराचा हिशेब

शेगडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवलेली निखाऱ्यांची शेगडी, नाहीतर पौषातल्या थंडीत अंगणात पेटवलेली शेकोटी. आपली थंडी दोन-अडीच महिन्यांची. ऊन वर आलं की तीही पळते. घर तापवणं हा आपल्या संसारातला मोठा खर्च कधी झालाच नाही. युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र हिवाळ्याचं सरपण हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. थोड्या लाकडात घर उबदार कसं ठेवायचं, याचा तिथे अडीच-तीनशे वर्षं चाललेला शोध मला फार बोलका वाटतो.

या शोधातलं पहिलं ठळक नाव बेंजामिन फ्रँकलिन यांचं. विजेवरच्या प्रयोगांमुळे ते आपल्याला ठाऊक असतात. त्या काळी भिंतीतल्या उघड्या कोनाड्यात लाकडं जाळत. बहुतेक उष्णता धुराड्यातून आकाशात जाई आणि तिची जागा भरायला फटींतून गार वारा आत येई. माणसाचं तोंड भाजे आणि पाठ गारठे. फ्रँकलिन यांनी १७४०च्या सुमारास ओतीव लोखंडाची शेगडी योजली आणि १७४४ साली तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी देऊ केलेला एकाधिकार त्यांनी नाकारला. इतरांच्या शोधांचा आपल्याला लाभ होतो, तसा आपल्या शोधाचा इतरांना मोकळेपणी व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. शेगडीत एक खोट मात्र होती. तिच्यातला धूर आधी खाली उतरून मग वर चढायचा. धुराडं पुरेसं तापलेलं नसलं की तो खोलीतच पसरे.

अधिक पक्कं उत्तर मिळालं ते स्वीडनमध्ये. स्वीडनचं लोखंड तेव्हा ब्रिटनपर्यंत जात होतं आणि ते गाळायला लाकडी कोळसा लागत होता. घरोघरचं सरपण आणि लोखंडाच्या भट्ट्या यांच्या मागणीमुळे सरकारला जंगलांची चिंता पडली. लाकूड वाचवणारी शेगडी शोधण्याचं काम वास्तुविशारद कार्ल योहान क्रॉनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांच्याकडे सोपवण्यात आलं. १७६७ साली त्यांची रचना प्रसिद्ध झाली. विटांच्या आणि चिनी मातीच्या फरशांच्या त्या उंच शेगडीत धुराला सरळ बाहेर जाता येत नसे. वर, खाली, पुन्हा वर अशा नळ्यांमधून फिरताना तो आपली उष्णता विटांना देऊन जाई. जाळ थोडा वेळच, पण चांगला धडाडून करायचा. निखारे पुरते विझल्यावर मगच झडप लावायची, कारण घाई केली तर विषारी वायू खोलीत साठतो. मग तापलेल्या विटा कितीतरी तास सावकाश ऊब देत राहत. जाळ जोरात आणि ऊब सावकाश, हे या शेगडीचं मर्म होतं.

हे मर्म दोनशे वर्षांनी विसरलं गेलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर खनिज तेल महागलं आणि अमेरिकेत लाकडाच्या शेगड्यांना पुन्हा मागणी आली. त्यांतल्या पुष्कळशा हवाबंद लोखंडी शेगड्या होत्या. रात्री मोठाले ओंडके भरायचे, हवेची झडप जवळजवळ बंद करायची, की आग सकाळपर्यंत धुमसत राही. वरवर ही बचतच होती. पण लाकडातून निघणारे वायू हवेअभावी न जळताच निघून जात. धुराड्यात डांबरासारखा थर साचून तिथे आगी लागत आणि हिवाळ्यात डोंगरांमधल्या गावांवर धुराचं छत धरे. अखेर ओरेगॉन राज्यात १९८६ पासून तपासणीत उतरलेल्याच नव्या शेगड्या विकता येऊ लागल्या, आणि १९८८ साली सगळ्या अमेरिकेसाठी नियम आला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात साध्या शेगडीला ताशी साडेसात ग्रॅम धूलिकणांची मर्यादा होती. २०२० साली ती दोन ग्रॅमवर आली, नेहमीच्या फोडलेल्या लाकडावर तपासणी केल्यास अडीच ग्रॅमवर. या मर्यादेत बसण्यासाठी नव्या शेगड्यांत वरच्या बाजूने तापलेली हवा सोडून धूरच पुन्हा पेटवतात, किंवा तो उत्प्रेरकाच्या जाळीतून नेतात. धूर हे न जळलेलं सरपण आहे, हे त्यामागचं साधं सत्य.

अमेरिकेत व्हरमाँटमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तिच्या दोन खोल्यांच्या घरासाठी अशी शेगडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिचा कल सर्वांत मोठ्या शेगडीकडे होता. आपणही गॅसची शेगडी घेताना एक बर्नर जास्तच बघतो. मी तिला हा सगळा इतिहास सांगितला. लहान घरात मोठी शेगडी पूर्ण पेटवली तर बसवत नाही, म्हणून तिची हवा कोंडली जाते आणि १९७० च्या दशकातली चूक पुन्हा घडते. त्यापेक्षा लहान शेगडी घ्यावी आणि तिला मोकळेपणी जळू द्यावं. तिच्याभोवती दगड किंवा विटा असल्या तर आग विझल्यावरही ऊब टिकते. स्वीडिश पद्धतीची बांधीव शेगडी उत्तमच, पण तिचं वजन पेलणारा पाया हवा.

आणि शेगडीइतकंच महत्त्व लाकडाला. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं आणि ते आटवण्यातच बरीचशी आग खर्च होते. लाकूड फोडून, वारा लागेल असं रचून, वरून झाकून निदान एक उन्हाळा वाळवलं पाहिजे. ओलावा वीस टक्क्यांच्या आत आला की ते जाळण्याजोगं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं आपली म्हण सांगते. शेगडीत मात्र ओलं जळत नाही, नुसतं धुमसतं. आणि सुक्याचीही ऊब घालवतं.