दप्तराची नक्कल



मराठेशाहीतली जुनी इनामपत्रे ज्यांनी वाचली असतील, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. इनाम कोणाला दिले, जमीन किती, चतुःसीमा कोणत्या, हे सारे लिहून झाले म्हणजे शेवटी अंमलदारांना पुष्कळदा एक आज्ञा असे. या पत्राची प्रत उतरून घ्यावी, आणि अस्सल पत्र ज्याचे त्याला भोगवट्यासाठी परत द्यावे. म्हणजे काय, तर अस्सल पत्र मालकाच्या घरी आणि नक्कल दप्तरात. उद्या मालकाच्या वाड्याला आग लागली तर दप्तर साक्ष देईल, आणि दप्तर बुडाले तर मालकाजवळचा कागद बोलेल. कागद एकच, पण जागा दोन. आज ज्याला ‘बॅकअप’ म्हणतात त्याचे सारे शहाणपण या एका आज्ञेत आहे. तेच शहाणपण संगणकाच्या युगात पुन्हा कसे शिकावे लागले, त्याची हकिकत आज सांगायची आहे.

प्रथम, संगणकातले दप्तर म्हणजे काय ते पाहू. सातबारा भूमापन क्रमांकावर चालतो, आठ-अ खात्यावर चालतो, आणि फेरफाराची नोंदवही या दोहोंना जोडते. तक्ते निराळे, पण एका तक्त्यातला आकडा धरून दुसऱ्या तक्त्यात जाता येते. संगणकातली माहिती अशाच साध्या तक्त्यांत मांडावी, आणि ती यंत्राच्या पोटात कोठे ठेवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, असा विचार एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने 1970 साली मांडला. तो त्या वेळी अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत नोकरीला होता. या मांडणीला ‘रिलेशनल डेटाबेस’ हे नाव पडले. 1974 मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे ‘एस.क्यू.एल.’ म्हणून जगभर पसरली. आज बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, शाळेतली पटनोंद असली कामे बहुधा अशाच तक्त्यांवर चालतात.

आता प्रश्न असा की, सारे एके ठिकाणी गोळा केले, आणि ते ठिकाणच गेले तर?

याचे उत्तर अमेरिकेला 1973 साली मिळाले. सेंट लुईस शहराजवळ सैनिकांच्या सेवानोंदींचे मोठे सरकारी दप्तर होते. त्या वर्षी 12 जुलैला तेथे आग लागली. 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सैनिकांची कागदपत्रे जळाली. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती, फिल्मवर चित्रे घेतलेली नव्हती, आणि जळाले ते काय काय याची पुरती यादीही नव्हती. ज्या माणसांनी महायुद्धात गोळ्या खाल्ल्या, त्यांना निवृत्तिवेतनासाठी आणि दवाखान्याच्या सवलतीसाठी आपण सैनिक होतो हे नव्याने शाबीत करावे लागले. दप्तर जळाले म्हणजे नुसता कागद जळत नाही, माणसाचा हक्क जळतो.

संगणकवाल्यांना ही भीती आधीपासून होती. 1950 नंतरच्या काळात माहिती चुंबकीय फितीवर ठेवत. कालची मुख्य फीत आणि आजचे व्यवहार एकत्र करून नवी फीत तयार होई. जुनी फीत लगेच पुसायची नाही, तीन पिढ्या जपायच्या, असा रिवाज पडला. त्याला नावही घरगुती मिळाले: आजोबा, बाप आणि मुलगा. मुलगा बिघडला, तर बापाची फीत घ्यायची, व्यवहार पुन्हा चढवायचे, की नवा मुलगा तयार.

पण बँकेत दिवसभर पैसे येतात, जातात. रात्री घेतलेली नक्कल दुपारी यंत्र बंद पडल्यावर अर्धवटच कामाची. सकाळपासूनचे व्यवहार कोठून आणायचे? येथे आपल्या सावकारी वह्यांची आठवण होते. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत पडतो, मग खतावणीत खात्यावर चढतो. खतावणी फाटली तरी कीर्द शाबूत असेल, तर हुशार कारकून खतावणी पुन्हा उभी करतो. डेटाबेसमध्येही हीच युक्ती आहे. बदल आधी ‘लॉग’ नावाच्या कीर्दीत लिहायचा, मग तक्त्यात. या विद्येला ज्यांनी शास्त्राचे रूप दिले, त्यांत अमेरिकेचे जिम ग्रे अग्रभागी होते. त्यांना 1998 सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये शिकलेले सी. मोहन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1992 साली ‘एरिस’ ही पद्धत प्रसिद्ध केली. यंत्र मध्येच बंद पडले असता कीर्द वाचून काय पुरे करायचे आणि काय उलटवायचे, हे ती सांगते. पुढच्या अनेक डेटाबेसांनी तिचाच कित्ता गिरवला.

इतके झाले तरी नक्कल घेणे हे जाणकाराचे काम होते. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची, एक अक्षर चुकले की अडले. मग खिडक्या, चित्रे आणि माऊसचा जमाना आला. मायक्रोसॉफ्टने 1995 साली आपल्या एस.क्यू.एल. सर्व्हरच्या सहाव्या आवृत्तीबरोबर ‘एंटरप्राइज मॅनेजर’ नावाची खिडकी दिली. 2005 मध्ये तिची जागा ‘मॅनेजमेंट स्टुडिओ’ने घेतली. मायएसक्यूएल या डेटाबेससाठी 1998 साली ‘पीएचपीमायअ‍ॅडमिन’ निघाले. आता लहानशा कचेरीतल्या लेखनिकालाही नक्कल घेता येऊ लागली.

मॅनेजमेंट स्टुडिओत ती कशी घेतात? डाव्या हाताला डेटाबेसांची यादी असते. हव्या त्या नावावर माऊसचे उजवे बटण दाबायचे, ‘टास्क्स’ आणि त्यात ‘बॅक अप’ निवडायचे. एक खिडकी उघडते आणि विचारते, नक्कल कोणत्या प्रकारची? ‘फुल’ म्हणजे सगळे दप्तर. ‘डिफरन्शियल’ म्हणजे मागल्या पूर्ण नकलेनंतर जेवढे बदलले तेवढेच. ‘ट्रॅन्झॅक्शन लॉग’ म्हणजे आपली रोजकीर्द. मात्र डेटाबेस ‘सिंपल’ या रीतीवर ठेवला असेल, तर कीर्दीची नक्कल मिळत नाही. मग ठिकाण सांगायचे आणि ‘ओके’ दाबायचे. खिडकीच्या मागे तीच जुनी आज्ञा चालते. ‘स्क्रिप्ट’ हे बटण दाबले तर ती आज्ञा अक्षरशः लिहून दाखवली जाते. शिकणाऱ्याने ती एकदा तरी वाचावी.

काम इतके सोपे झाले, पण सोपेपणाबरोबर गाफीलपणाही आला. तीन जागा विशेष सांभाळायच्या. पहिली ठिकाणाची. खिडकी आपल्या मेजावर उघडली असली, तरी ती जी डिस्क दाखवते ती सर्व्हरची. म्हणजे अस्सल आणि नक्कल एकाच पेटीत राहण्याचा धोका! पेटी गेली की दोन्ही गेली. दुसरी फाइलीची. तेच नाव पुन्हा दिले, तर नवी नक्कल बहुधा जुनीच्याच पाठीला जोडली जाते. फाइल फुगत जाते आणि कोणती नक्कल कोणत्या दिवसाची, याचा घोळ होतो. तिसरी पडताळणीची. काम झाल्यावर नक्कल तपासण्याची सोय त्याच खिडकीत आहे, पण ती आपोआप होतेच असे समजू नये, खूण करावी लागते. आणि ती तपासणीही वरवरचीच. खरी परीक्षा एकच. ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडायची, आणि ओळखीच्या चार नोंदी डोळ्यांनी वाचून पाहायच्या.

या परीक्षेचे मोल 31 जानेवारी 2017 रोजी साऱ्या जगाने पाहिले. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची कामे सांभाळणारी गिटलॅब नावाची कंपनी आहे. तेथे रात्री उशिरा दुरुस्ती चालू असता एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर द्यायची पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. क्षणात सुमारे 300 गिगाबाइट माहिती गेली. नकला तर नेमाने निघत होत्या, असा सर्वांचा समज. पाहतात तो कोठार रिकामे! नक्कल काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा, म्हणून काम रोज फसत होते. फसल्याची पत्रेही वाटेतच नाकारली जात होती, ती कोणाला पोचलीच नाहीत. एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत घेऊन ठेवली होती, तिने लाज राखली. मधल्या सहा तासांतले मात्र गेले ते गेलेच. कंपनीचे वाखाणण्यासारखे एवढेच की, तिने काही झाकले नाही. झालेला सगळा प्रकार छापून जगापुढे ठेवला. इतरांना त्यातून शिकता आले.

गुरुजनहो आणि शेतकरी बंधुभगिनींनो, तुम्ही म्हणाल, ही मोठ्यांची कामे, आम्हाला काय त्याचे? पण गावचा सातबारा आज संगणकावरून मिळतो. मुलाची जन्मतारीख शाळेच्या नोंदीतून पुढे नोकरीच्या कागदापर्यंत जाते. दूध सोसायटीचा हिशेब, पतपेढीचे कर्जखाते, हे सारे कोठल्या तरी तक्त्यात बसले आहे. त्याची नक्कल घेणारा कोणी एक लेखनिक, कोणी एक शिक्षक आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत शिल्लक विचारता, तसेच हेही विचारावे. नक्कल कधी घेतली? ती कोणत्या इमारतीत आहे? आणि शेवटची उघडून कधी पाहिली? तिसऱ्या प्रश्नाला तारखेसह उत्तर मिळाले नाही, तर पहिल्या दोन उत्तरांवर विसंबू नये.

इनामपत्र लिहिणाऱ्या कारकुनाजवळ बोरू होता, आपल्या मेजावर माऊस आहे. पण नक्कल वेगळ्या जागी ठेवायची आणि ती वाचता येते याची खात्री करायची, ही दोन कामे त्या काळीही माणसाची होती आणि आजही माणसाचीच आहेत. यंत्र सांगितले तेवढे करते. विचारण्याची सवय आपण ठेवली पाहिजे.