फळीवरचा लाऊडस्पीकर आणि कानाची साक्ष

१९१५ पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने गावोगावच्या नाट्यगृहांतून एक प्रयोग चालविला होता. रंगमंचावर गायिका उभी आणि तिच्या शेजारी एडिसनचे यंत्र. गाता गाता ती ओठ मिटी, तरी गाणे चालूच राही. मग दिवे मालविले जात. ते पुन्हा लागत तेव्हा गायिका नाहीशी झालेली असे आणि एकटे यंत्र गात असे. प्रेक्षक थक्क होत. आज त्या तबकड्या ऐकल्या तर आवाज डब्यातून आल्यासारखा भासतो. मग शेकडो कान फसले कसे? त्या गायिकांपैकी ॲना केस हिने पुढे स्वतःच सांगून टाकले की, आपण आपला गळा यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत होतो. यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूस यंत्रासारखा गात होता!

घरात ऐकण्यासाठी फळीवर मावेल असा स्वस्त लाऊडस्पीकर निवडावयास जो निघतो, त्याला ही हकीकत जवळची आहे. दुकानातली परीक्षाही बहुधा विकणाऱ्यानेच मांडलेली असते.

आजच्या लाऊडस्पीकरचा मूळपुरुष १९२५ चा. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन संशोधकांनी लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे ठेवून त्याला कागदी शंकू जोडला. मूळ रचना आजही तीच आहे. तिच्यातली अडचणही जुनीच. शंकूच्या पुढून निघालेला खर्ज मागून निघालेल्या खर्जाशी भिडून मावळतो, म्हणून मागची बाजू पेटीत कोंडावी लागते. पण पेटी लहान केली की कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी शंकूला अडविते आणि खर्ज पुन्हा लंगडा पडतो. त्यामुळे चांगल्या खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागे, आणि ती ठेवावयास तेवढा दिवाणखाना.

या कोंडीतून १९५४ साली एडगर विलचर यांनी वाट काढली. न्यूयॉर्कच्या त्यांच्या वर्गातील विद्यार्थी हेन्री क्लॉस यांना भागीदार करून त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकौस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांची युक्ती सोपी होती. कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करतेच आहे, तर शंकूची कड ताठ कशाला ठेवावयाची? त्यांनी कड अगदी सैल केली आणि शंकूला सावरण्याचे काम हवेवर सोपविले. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा कागदाच्या कडेहून अधिक इमानी; आवाज कमी बिघडतो. मोबदला द्यावा लागला तो एवढाच की, अशा पेटीला अधिक ताकदीचा ॲम्प्लिफायर लागतो. पुढे याच कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेटच्या वादकांना पेट्यांशेजारी बसवून जाहीर प्रयोग केले. वादक मध्येच नुसते गज हलवीत आणि वाजत असे ते ध्वनिमुद्रण. चार तंतुवाद्यांना यंत्राची नक्कल करणे गळ्याइतके सोपे नाही. तथापि हलणारे गज डोळ्यांना दिसत होते, हेही विसरता कामा नये. मला त्याहून आवडते ती न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातली त्यांची खोली. तेथे कोणीही यावे, बसून ऐकावे. विक्री मात्र तेथे होत नसे.

इंग्लंडात बी.बी.सी.ने १९७० नंतरच्या काही वर्षांत फिरत्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी एल.एस. ३/५ए ही जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीची पेटी घडविली. तेथील अभियंत्यांचा मोठा भरवसा साध्या बोलण्यावर असे. निवेदकाचा प्रत्यक्ष आवाज आणि पेटीतला आवाज ताडून पाहावयाचा. बोलणाऱ्याच्या छातीत घुमणारा किंवा नाकात अडकणारा स्वर कोणालाही ओळखू येतो.

डोळ्यांचा हात आवाजात किती असतो, हे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली दाखवून दिले. ४० जणांपुढे त्यांनी चार लाऊडस्पीकर आधी पडद्याआडून आणि मग उघडे वाजविले. श्रोते त्याच कंपनीचे नोकर होते. त्यांत एक लहान, स्वस्त संच होता. पडद्याआड त्याने मोठ्यांशी बरी टक्कर दिली. पडदा सरताच त्याचे गुण उतरले आणि देखण्या, भारदस्त पेट्यांचे वाढले.

तेव्हा खरेदीपूर्वी घरातल्या कोणाला तरी पेट्या पालटावयास सांगावे आणि मध्ये एक चादर टांगावी. दोन्ही पेट्यांचा आवाज सारखा मोठा करून घ्यावा. मंद आवाजात खर्ज कानाला कमी लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजले होते. म्हणून जी पेटी किंचित मोठ्याने वाजते तीच भरदार वाटते. जोडीतील एकच पेटी वाजवून पाहिली तर दोष लवकर सापडतात. भिंतीला चिकटविली की खर्ज फुगतो. तर ती घरी जेथे राहणार तेथेच ठेवावी. तंबोरा लावावा, तबल्याचा बायाँ ऐकावा आणि ओळखीच्या माणसाचे बोलणे. किमतीची चिठ्ठी चादर काढल्यावर वाचावी.